आजोबांचा बिल्ला आणि कामठीचा फोटो

प्रश्न : माझे आजोबा महार रेजिमेंटमध्ये होते. 'लढाई चालू असताना कामठीच्या कॅम्पात शिकलो,' असं सांगायचे. त्यांच्या पेटीत एक ग्रुप फोटो सापडलाय. मागे पेन्सिलीनं 'कामठी' एवढंच. टोप्यांच्या बिल्ल्यावर स्तंभ आणि दोन आडव्या मशीनगन दिसतात. पेटीत एक सुटा बिल्लाही आहे, त्यावर नुसता कोरेगावचा स्तंभ आणि 'महार' हे नाव. १४ एप्रिलला फोटो मोठा करून विहारात लावायचाय. खाली 'दुसऱ्या महायुद्धातील कामठी कॅम्प' असं लिहिणार आहोत. मूळ फोटो लॅमिनेट करू का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, लॅमिनेशनचं नंतर बघू, आधी ती ओळ बदला. फोटोतल्या मशीनगनच तिच्या आड येतात.

१११ महार पलटण सरकारनं १९२१ मध्ये मोडली. बाबासाहेबांनी भरतीचा आग्रह लावून धरला आणि ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. तुमचा सुटा बिल्ला त्या काळातला. ऑक्टोबर १९४६ मध्ये ही मशीनगन रेजिमेंट झाली, तेव्हा बिल्ल्यात त्या व्हिकर्स गन आल्या. लढाई तर ऑगस्ट १९४५ मध्येच थांबली होती. म्हणजे फोटो नंतरचा.

म्हणून आजोबांना खोटं पाडू नका. दुसरी बटालियन १९४२ मध्ये कामठीतच उभी राहिली आणि पुढे ब्रह्मदेशात गेली. आजोबा तेव्हा तिथे रंगरूट असतील, तर डिस्चार्ज बुकात भरतीची तारीख सापडेल. पेटीच्या तळाला अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली हात घाला. आपल्याकडची माणसं कागद तिथेच दडवतात. मी फौजेत कारकुनी केली, त्यामुळे मला शौर्याआधी शिपायाचा फौजी नंबर दिसतो. तो नंबर मिळाला की निम्मं काम झालं.

आता जपणूक. लॅमिनेशन अजिबात नको, एकदा केलं की सुटत नाही. स्कॅन करून घ्या आणि विहारात कॉपीच लावा. मूळ फोटो खळ काढून धुतलेल्या पांढऱ्या मांजरपाटात ठेवा. सोलापुरी चादरीत नको, रंग उतरला तर फोटो गेलाच. पत्र्याच्या खोलीत तर ठेवूच नका, मे महिन्यात तिथे काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. बिल्ल्याला चिंच किंवा पितांबरी लावाल तर अक्षरं झिजतील.

विहारात फोटोखाली वही आणि पेन ठेवा. पेन्शनर मंडळी आली की कोण ओळखू येतं, कोणाचं गाव कोणतं, ते लिहून घ्या. लंगरात काय मिळायचं, कवायतीचे हुकूम कोणत्या भाषेत, परगावचे रंगरूट रात्री कुठे झोपायचे, हेही विचारा. कॅम्पाचा इतिहास त्यातच सापडतो. भाषणं काय, दरवर्षी होतातच.

रेजिमेंटचं केंद्र आता मध्य प्रदेशात सागरला आहे. नंबर, नाव, गाव लिहून स्कॅन तिकडे पाठवा. मूळ फोटो कोणी मागितला तरी पोच घेतल्याशिवाय देऊ नका.