‘त्याला सगळं कळतं’ : कुत्र्यांच्या बुद्धीबद्दल वाचकांचे प्रश्न

कुत्र्यांच्या वागण्याबद्दल जी पत्रं येतात, त्यांतल्या निम्म्यांत एक वाक्य हमखास असतं : ‘त्याला सगळं कळतं हो, फक्त बोलता येत नाही.’ उरलेल्यांत नेमकं उलटं : ‘कितीही शिकवा, डोक्यात काही शिरतच नाही.’ या दोन्ही समजुतींचा मार शेवटी कुत्र्यालाच बसतो, म्हणून यावेळी एकाच विषयावरचे प्रश्न घेतले आहेत. पत्रं लांबलचक होती. कामापुरती ठेवली आहेत.

प्रश्न : आमचा कुत्रा फाटकाची कडी नाकानं उचलून बाहेर जातो. कोणीही शिकवलेलं नाही. याला विचार करणं म्हणायचं की नाही?

कुत्रा विचार करतो, पण कडीवरून ते सिद्ध होत नाही. लॉइड मॉर्गन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाचा टोनी नावाचा फॉक्स टेरियर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेच करत असे. नवख्यानं पाहिलं असतं तर तोंडात बोट घातलं असतं. मॉर्गननं मात्र सुरुवातीपासून लक्ष ठेवलं होतं. टोनी रस्ता बघायला गजांमधून डोकं बाहेर काढायचा. एकदा डोकं नेमकं कडीखाली आलं, कडी उचलली गेली, फाटक उघडलं. त्यानंतरही कित्येक दिवस तो भलत्याच फटीत डोकं घालत होता. चुका हळूहळू गळत गेल्या आणि शेवटी उरली ती सफाई. तुम्ही बहुधा ती सफाईच पाहिली आहे, आधीची धडपड नाही.

कार्यकारणभावात कुत्री फारशी चमकत नाहीत. २००५ साली एक्सेटर विद्यापीठात एक साधा प्रयोग झाला. जाळीखाली खाऊ, त्याला दोरी बांधलेली, दोरीचं टोक जाळीबाहेर. सरळ दोरी ओढून खाऊ मिळवायला कुत्री शिकली. मग दोन दोऱ्या एकमेकींवरून फुलीसारख्या ठेवल्या, एकीलाच खाऊ. बहुतेक कुत्र्यांनी खाऊच्या सर्वांत जवळचं टोक ओढलं, म्हणजे चुकीची दोरी. दोरी कशाला बांधली आहे, हे त्यांनी पाहिलंच नाही.

तर्क मात्र दिसतो, वेगळ्या ठिकाणी. ख्रिसिपस या ग्रीक तत्त्वज्ञाच्या नावावर एक जुना दाखला सांगतात : शिकारीमागे धावणारा कुत्रा तिठ्यावर येतो, दोन वाटा हुंगतो, वास लागत नाही, आणि तिसरी वाट न हुंगताच धरतो. हे नुसतं कल्पनेतलं उदाहरण. पण २००४ साली जर्मनीतल्या संशोधकांनी रिको नावाच्या बॉर्डर कॉली जातीच्या कुत्र्याची परीक्षा घेतली. त्याला सुमारे २०० वस्तूंची नावं येत होती. ओळखीच्या खेळण्यांत एक नवं ठेवून, कधीही न ऐकलेलं नाव घेऊन ‘आण’ म्हटलं, तर दहापैकी सात वेळा त्यानं नवंच आणलं. बाकीच्यांची नावं माहीत आहेत, म्हणजे हे नाव याचंच असणार! याला मी बिनदिक्कत तर्क म्हणेन. फक्त रिकोवरून सगळ्या कुत्र्यांचा हिशोब मांडू नका. बहुसंख्य कुत्र्यांना वस्तूंची नावं शिकणं जड जातं.

आणि फाटकाला आधी कुलूप लावा.

प्रश्न : आमच्या कुत्र्याला बेरीज येते. दोन अधिक तीन विचारलं की पाच वेळा भुंकतो.

त्याला तुमचा चेहरा दिसणार नाही, अशा जागी उभे राहून विचारा, आणि विचारणाऱ्याला उत्तर माहीत नको. बर्लिनमधला हान्स नावाचा घोडा टापा आपटून अशीच गणितं सोडवत असे. विचारणाऱ्याची मान आणि चेहरा उत्तराच्या आकड्याशी नकळत किंचित हलतो आणि घोडा तेवढं बघून थांबतो, हे ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञानं १९०७ साली दाखवून दिलं. तुमच्या कुत्र्याला माणूस वाचण्यात पैकीच्या पैकी, गणितात भोपळा.

प्रश्न : सर्वांत हुशार जात कोणती? यादीत पहिला नंबर बॉर्डर कॉलीचा आहे, तेच पिल्लू घ्यावं म्हणतो.

ती यादी स्टॅन्ली कोरेन या मानसशास्त्रज्ञाची, १९९४ सालची, आणि ती आज्ञापालनाच्या स्पर्धांमधल्या परीक्षकांची मतं गोळा करून केलेली आहे. म्हणजे कोण पटकन ऐकतं, याची यादी. तळाशी असलेला अफगाण हाउंड मठ्ठ नाही. नजरेनं शिकार हेरून स्वतःच्या मर्जीनं धावण्यासाठी ती जात घडवली गेली. पिल्लं विकणारे मात्र ही यादी सोयीनं फिरवतात. बॉर्डर कॉलीला दिवसभर काम लागतं. ते दिलं नाही तर ती स्वतः शोधते, आणि तिनं शोधलेलं काम तुम्हाला आवडणार नाही. पिल्लू ठरवण्याआधी एखाद्या पशुवैद्याला तुमची दिनचर्या सांगा. जातीचा विषय नंतर.

प्रश्न : आरशात स्वतःला ओळखत नाही. बुद्धी कमी आहे का?

नाही, त्याची ओळख वासावर चालते, आरशाला वास नसतो.

प्रश्न : कोडं असलेलं खेळणं आणलं. आमची कुत्री मिनिटभर खटपट करते आणि मग माझ्या तोंडाकडे बघत बसते. आळशी म्हणायची का?

हा आळस नाही, ती तुमची मदत मागते आहे. बुडापेस्टच्या आदाम मिक्लोशी यांच्या गटानं २००३ साली माणसांच्या हातांवर वाढलेले लांडगे आणि कुत्री यांना आधी सुटणारं आणि मग मुद्दाम न सुटणारं कोडं दिलं. लांडगे झटत राहिले. कुत्र्यांनी बऱ्याच लवकर मान वळवून मालकाकडे पाहिलं. आपण बोट दाखवलं की त्या दिशेला जाणं हेही त्यातलंच. ते कुत्र्यांना चिंपांझींपेक्षा चांगलं जमतं. हजारो वर्षं माणसाच्या बरोबर काढलेल्या प्राण्यासाठी माणसाला विचारणं हाच सर्वांत सोपा मार्ग. खेळणं अर्धं उघडून द्या, पुढचं तिला करू द्या. प्लॅस्टिकचे तुकडे चावून गिळत असेल तर खेळणं बंद, आणि तुकडा पोटात गेल्याची शंका आली तर उलटीची वाट न बघता दवाखाना गाठा.

प्रश्न : ऑफिसातून परत आलो की सोफा फाडलेला असतो आणि हा कोपऱ्यात कान पाडून, नजर चुकवत बसलेला. चूक केली हे त्याला पक्कं माहीत असतं. तरी रोज तेच. मारतो, तोंड सोफ्यावर दाबतो, उपयोग शून्य. काय करावं?

आधी हात आवरा.

हा प्रश्न इतक्या वेळा येतो की आता चीड येते. ‘त्याला माहीत असतं’ या तीन शब्दांवर जितकी कुत्री मार खातात, तितकी कुठल्याच कारणानं खात नसतील. म्हणून सविस्तर सांगतो.

न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली १४ कुत्र्यांवर हा अपराधी चेहरा तपासला. मालक खाऊ समोर ठेवून ‘खायचं नाही’ असं बजावून खोलीबाहेर जायचा. मागे कधी कुत्र्याला खाऊ दिला जायचा, कधी उचलून ठेवला जायचा. परत आलेल्या मालकाला कधी खरं सांगायचे, कधी खोटं. ‘खाल्लं’ असं ऐकलं की मालक रागवायचा. निष्कर्ष असा : कान पाडणं, नजर चोरणं, अंग चोरून घेणं याचा खाऊ खाण्याशी संबंध लागला नाही. संबंध लागला तो रागवण्याशी. आणि ज्या कुत्र्यांनी काहीच केलेलं नव्हतं पण बोलणी खाल्ली, त्यांच्यात तो चेहरा सर्वांत जास्त दिसला.

तुम्ही म्हणाल, मी रागवायच्या आधीच तो कोपऱ्यात असतो. असणारच. फाटलेला सोफा आणि दारात उभे तुम्ही, या दोन गोष्टी एकत्र आल्या की मार बसतो, एवढं तो शिकला आहे. सकाळी अकराला आपण सोफा फाडला आणि आता त्याचा मार मिळतोय, हा धागा त्याच्या हाती लागत नाही. शिक्षा असो की शाबासकी, ती काही सेकंदांत मिळाली तरच कृतीशी जोडली जाते. घरात दोन कुत्री असलेल्यांना हे माहीत असतं : फाडणारा एक, कोपऱ्यात दोघंही.

आता खरा मुद्दा. तो सोफा का फाडतो? कंटाळा असेल, दात येण्याचं वय असेल. पण तुम्ही गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच हे होत असेल, लाळेनं जमीन ओली होत असेल, दाराच्या चौकटी ओरबाडलेल्या असतील, तर एकटं राहण्याची भीती हे कारण असू शकतं. अशा कुत्र्याला मारणं म्हणजे घाबरलेल्या पोराला घाबरतोस का म्हणून बडवणं. त्याला आता तुमच्या जाण्याचीही भीती आणि येण्याचीही. यातून पुढे गुरगुर सुरू होते. गुरगुरीलाही मारलं की ती बंद होते, आणि मग एक दिवस तो सूचना न देता चावतो. ‘अचानक चावला’ म्हणून आणलेल्या कुत्र्यांमागे बऱ्याचदा हीच कहाणी निघते.

तेव्हा मोबाइल लावून तासभराचं चित्रण करा. ते घेऊन पशुवैद्याकडे जा, शक्यतो वर्तनाचं काम करणाऱ्याकडे. वेदना, त्वचेची खाज, पोटाचे आजार आधी वगळावे लागतात. गरज पडली तर औषधं आहेत, सोबत एकटं राहण्याचा टप्प्याटप्प्यानं सरावही लागतो. माणसांच्या गोळ्या अर्ध्या करून देऊ नका. ‘सात दिवसांत खात्रीनं सुधारतो’ म्हणणारा आणि विजेचा झटका देणारा पट्टा पुढे करणारा ट्रेनर भेटला तर तिथूनच परत फिरा. आणि हे ‘परीक्षा संपल्यावर बघू’ म्हणून लांबवू नका. भीती आपोआप विरत नाही, मुरते.

प्रश्न : बटण दाबलं की शब्द उमटणारे फलक घ्यावेत का? व्हिडिओत कुत्रे चक्क वाक्यं बोलतात.

घ्या, खेळ म्हणून. २०२४ साली सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गटानं दाखवलं की या फलकांवर शिकलेली कुत्री ‘बाहेर’, ‘खेळ’ अशा शब्दांना योग्य प्रतिसाद देतात. शब्द माणसानं उच्चारला काय किंवा बटणातून आला काय. व्याकरण, स्वप्नं, मृत्यूबद्दलचे विचार वगैरे जे व्हिडिओत दाखवतात, ते बहुतेक मालकाचं स्वतःचं असतं. चाळीस वेळा दाबलेल्या निरर्थक बटणांचा व्हिडिओ कोणी टाकत नाही, हेही लक्षात घ्या. एक सावधगिरी : ‘दुखतंय’ हे बटण दाबलं नाही म्हणून दुखत नाही, असं समजू नका.

प्रश्न : बुद्धी वाढवणारं टॉनिक मिळतं. पिल्लाला द्यावं का?

नको. पिल्लांसाठीचा संपूर्ण आहार सुरू असेल तर वरून काय लागतं ते पशुवैद्य तपासून सांगतील, बाटलीवरचं चित्र नाही.

प्रश्न : आमची कुत्री तेरा वर्षांची. हल्ली रात्री येरझाऱ्या घालते, घरातच शू करते, कोपऱ्यात जाऊन उभी राहते. शेजारी म्हणतात वय झालं, चालायचंच. हट्टीपणा वाढलाय, दुसरं काही नाही.

शेजाऱ्यांना विचारून झालं असेल तर आता डॉक्टरांना विचारा, या आठवड्यात.

म्हातारपणी कुत्र्यांच्या मेंदूचा ऱ्हास होतो. माणसांतल्या स्मृतिभ्रंशाशी त्याचं बरंच साम्य आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत ११–१२ वर्षांच्या २८ टक्के कुत्र्यांत आणि १५–१६ वर्षांच्या ६८ टक्के कुत्र्यांत त्याचं किमान एक लक्षण आढळलं. घरी एक गोष्ट बघा : बाहेर जायचं असताना ती दाराच्या कोणत्या बाजूला उभी राहते? अशी कुत्री पुष्कळदा बिजागरीच्या बाजूला नाक लावून दार उघडायची वाट बघतात. फर्निचरच्या मागे शिरतात आणि मागे सरकायचं हे सुचत नाही.

पण यावरून घरीच निदान करू नका. मूत्रमार्गाचा संसर्ग, मधुमेह, मूत्रपिंडं, सांधेदुखी, मोतीबिंदू, रक्तदाब, मेंदूतली गाठ, यांतलं काहीही हेच सोंग घेऊन येतं आणि त्यातलं बरंच काही उपचारांनी आटोक्यात येतं. रक्त, लघवी, डोळे तपासून घ्या. ऱ्हासच निघाला तरी औषध, विशिष्ट आहार आणि ठरलेली दिनचर्या यांनी काही काळ सुसह्य करता येतो. जितक्या लवकर सुरुवात तितकं बरं. तोवर सामान हलवू नका, रात्री मंद दिवा ठेवा, शूसाठी ओरडू नका. हट्टीपणा हा शब्द तेरा वर्षांच्या कुत्रीसाठी वापरूच नये.

प्रश्न : मी संध्याकाळी सहाला येतो, हा पावणेसहाला दारात. घड्याळ कळतं का?

घड्याळ नाही, उजेड, भूक, रोजचे आवाज आणि सवय.

प्रश्न : चार महिन्यांचं डाल्मेशियन पिल्लू नावाला अजिबात ओ देत नाही. ट्रेनर म्हणतो मंदबुद्धी आहे, जास्त महिन्यांचा कोर्स लागेल.

या जातीत जन्मजात बहिरेपण सर्रास आढळतं, एका किंवा दोन्ही कानांत. पिल्लू गाढ झोपलेलं असताना, त्याला हवेचा झोत किंवा जमिनीची थरथर जाणवणार नाही अशा अंतरावरून टाळी वाजवून बघा. त्यानं कान हलवला तरी समाधान मानू नका, कारण एकाच कानानं ऐकू येत असलं तरी तो हलेल. पशुवैद्याकडून कानांची विद्युत्-चाचणी कुठे होते ते विचारा आणि ती करून घ्या. बहिरी पिल्लं हातांच्या खुणांवर उत्तम शिकतात. चाचणीचा कागद हातात येईपर्यंत कोर्सचे पैसे भरू नका.