घरालगतचा गुलमोहर: तोडायची घाई नको

भाऊ, घराला धोका म्हणून गुलमोहर तोडायचं म्हणताय, पण पश्चिमेच्या भिंतीवर सावली देणारं झाड आहे ते. जळगावात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा त्याची किंमत कळेल.

आधी बुंध्याभोवतीची जमीन बघा. एका बाजूची माती उचलली असेल किंवा झाड नव्याने कलत असेल, तर जाणकार बोलवाच. गुलमोहराची मुळं उथळ अन् पसरट, लाकूड ठिसूळ. ओट्याची फरशी उचलली म्हणून मुळं तोडू नका. वळवाच्या वादळात झाड आडवं होईल. त्यापेक्षा फरशी काढून मुरूम टाका.

भिंतीला भेग असेल तर सगळा दोष झाडाचा नसतो. आपली काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते. झाड ओल ओढतं म्हणून आकसणं वाढतं, हे खरं. पण मोठं झाड एकदम काढलं की तीच माती ओल धरून फुगते, मग पाया वर उचलला जाऊ शकतो. छपराचं पाणी पायाशी मुरतंय का, तेही बघा.

छाटणी हिवाळा सरताना, पानं गळाल्यावर. शेंडा उडवून झाड बोडकं करायची आपल्याकडे फार हौस; नंतरचे फुटवे कच्चे निघतात अन् तेच मोडतात. फक्त छपरावर आलेल्या फांद्या काढा. जड फांदीला आधी खालून काप द्या, मग थोडं पुढे, फांदीच्या टोकाकडे, वरून, म्हणजे साल सोलत नाही. तारा जवळ असतील तर वीज बंद करून घ्या. शहर हद्दीत १९७५ चा वृक्ष कायदा लागू आहे, परवानगीचा अर्ज आधी टाका.