‘स्पिन’ म्हणजे अपप्रचार नव्हे

प्रश्न असा आहे: ब्रिटनमधली वृत्तपत्रं आणि पक्षांचे ‘स्पिन डॉक्टर’ (पक्षाची बाजू माध्यमांत हवी तशी मांडून घेणारे सल्लागार) मतदारांना कसे वळवतात, यावरचा लेख मराठीत आणताना ‘स्पिन’साठी ‘अपप्रचार’ लिहिलं तर चालेल का? आणि वृत्तपत्रं ‘मत फिरवतात’ असं म्हणावं का?

‘अपप्रचार’ नको. त्या शब्दात खोटेपणा गृहीत धरलेला असतो. त्याचं अस्सल उदाहरण ब्रिटनमध्येच सापडतं. २५ ऑक्टोबर १९२४ला, मतदान चार दिवसांवर असताना, ‘डेली मेल’नं एक पत्र छापलं. मॉस्कोहून सोव्हिएत नेते झिनोव्हिएव्ह ब्रिटिश कम्युनिस्टांना चिथावणी देत आहेत, असा त्यातला मजकूर होता, आणि त्याचा फटका मजूर पक्षाला बसावा असा रोख होता. ते पत्र बनावट होतं, असं आज बहुतेक इतिहासकार मानतात. याला खुशाल अपप्रचार म्हणा. स्पिनमधली माहिती मात्र बहुधा खरीच असते. ती कुठल्या अंगानं दाखवायची, कधी आणि कुणाच्या हाती द्यायची, यात सगळं कसब असतं.

‘फिरकी’ हा शब्द मोह पाडतो, कारण स्पिन मुळात चेंडूचीच. १९८४च्या अध्यक्षीय निवडणुकीतल्या रेगन-मोंडेल वादफेरीच्या वेळी अमेरिकी वृत्तपत्रांत ‘स्पिन डॉक्टर’ दिसू लागले. ब्रिटनमध्ये हा शब्द घरोघरी पोचला तो १९९०च्या दशकात, मजूर पक्षाच्या पीटर मँडेलसन आणि अलास्टर कॅम्पबेल यांच्यामुळे. कॅम्पबेल तर स्वतःच ‘डेली मिरर’चे राजकीय संपादक राहिलेले, मथळा कसा जन्मतो हे त्यांना आतून ठाऊक. पण आपल्याकडे फिरकी ‘घेतली’ जाते आणि तिचा अर्थ थट्टा होतो, म्हणून ती इथे उपयोगाची नाही.

माझी पहिली पसंती ‘मखलाशी’ला. आपली बाजू शब्दांच्या चलाखीनं सावरून किंवा सजवून मांडणं ही छटा तिच्यात नेमकी आहे. सप्टेंबर २००२मध्ये मजूर पक्षाच्या टोनी ब्लेअर यांच्या सरकारनं इराकवर एक अहवाल काढला. आदेश मिळाल्यापासून ४५ मिनिटांत इराक घातक अस्त्रं डागू शकतो, असं त्यात म्हटलं होतं. गुप्तचरांच्या कच्च्या माहितीत जे जर-तर असतात, ते गाळल्यावर त्याच वाक्याची धमकी झाली आणि काही वृत्तपत्रांनी तिचे मथळे केले. इराक युद्धावरच्या २०१६च्या चिलकॉट चौकशी अहवालानं नेमकं हेच नोंदवलं: जितकी खात्री दाखवली गेली, तितकी पुराव्यात नव्हती. ‘जर-तर गाळणं’ ही मखलाशीची सर्वांत घातक तऱ्हा, कारण वाचणाऱ्याला काय गाळलंय ते कळायला मार्गच नसतो.

पण मखलाशी सगळीकडे पुरत नाही. ११ सप्टेंबर २००१ला न्यूयॉर्कचे मनोरे जळत असताना लंडनमध्ये परिवहन मंत्र्यांच्या सल्लागार बाईंनी सहकाऱ्यांना ईमेल केला. आशय असा, की जे काही पुरून टाकायचं असेल ते बाहेर काढायला आजचा दिवस फार चांगला आहे. नगरसेवकांच्या भत्त्यांचं काढायचं का? यात खोटं काही नाही, मखलाशीही नाही. बातमी ‘दडपली’ असंही म्हणता येत नाही, ती तर रीतसर द्यायचीच होती. इथे मी सरळ ‘गर्दीत बातमी उरकून घेणं’ लिहीन. मर्जीतल्या बातमीदाराला आधी माहिती पुरवली जाते तेव्हा ‘बातमी पेरणं’, आणि अंदाज घ्यायला काही सोडून दिलं जातं तेव्हा ‘पुडी सोडणं’. हे शब्द आपल्या बातमीदारांच्या तोंडी आहेतच. ‘स्पिन डॉक्टर’ मात्र तसाच ठेवा. ‘प्रसिद्धी सल्लागार’ फारच सोज्वळ होतो.

आता ‘मत फिरवणं’. ९ एप्रिल १९९२ला, मतदानाच्या दिवशी, ‘सन’ या वृत्तपत्रानं पहिल्या पानावर मजूर पक्षाचे नेते नील किनक यांचं डोकं विजेच्या दिव्यात बसवलं होतं: आज किनक जिंकले, तर ब्रिटन सोडणाऱ्या शेवटच्या माणसानं कृपया दिवे बंद करावेत. किनक हरले आणि ११ तारखेला त्याच पानावर ‘सन’नं हुजूर पक्षाच्या विजयाचं श्रेय स्वतःकडे घेतलं. ते मथळे इतके गाजले, की एका मथळ्यानं निवडणूक फिरते असा समज रुजला. मला तो पटत नाही. १९२४लाच पाहा, त्या पत्रानंतरही मजूर पक्षाची मतं दहा लाखांनी वाढली. जागा घटल्या त्या मुख्यतः लिबरल मतं हुजूर पक्षाकडे गेल्यामुळे. मार्च १९९७मध्ये ‘सन’नं ब्लेअर यांना पाठिंबा दिला, तोवर मजूर पक्ष जनमत चाचण्यांत केव्हाच पुढे गेला होता. वारा पाहून पाठ दिली, असंही म्हणता येतं. तरी पाठिंबा बदललेल्या वृत्तपत्रांच्या वाचकांचा अभ्यास झाला आणि त्यांतले साधारण १० ते २५ टक्के त्यामुळे मजूर पक्षाकडे वळल्याचा अंदाज निघाला. म्हणजे परिणाम होतो, पण ‘फिरवणं’ म्हणावं इतका सर्वांवर नाही.

या परिणामासाठी मराठीत ‘कान भरणं’ हा फार नेमका शब्दप्रयोग आहे. कान एका दिवसात भरत नाहीत, रोज थोडं थोडं ओतावं लागतं. लिव्हरपूलचं उदाहरण मला यात सर्वांत बोलकं वाटतं. १५ एप्रिल १९८९ला शेफिल्डच्या हिल्सबरो फुटबॉल मैदानावर चेंगराचेंगरी झाली, लिव्हरपूल संघाचे ९७ चाहते गेले. चारच दिवसांनी ‘सन’नं ‘सत्य’ असा मथळा देऊन दोष चाहत्यांवरच ढकलला. शहरानं तो पेपर घेणंच सोडलं. आजही तिथल्या कित्येक दुकानांत तो मिळत नाही. पुढे अभ्यासकांनी मर्सीसाइडची, म्हणजे लिव्हरपूल आणि आसपासच्या भागाची मतं इतर भागांशी ताडून पाहिली, तेव्हा बहिष्कारानंतर तिथला युरोपविरोध कमी झालेला आढळला. ‘सन’ वर्षानुवर्षं युरोपविरुद्ध लिहीत होता, ते या कानांपर्यंत पोचणंच थांबलं होतं. २०१६च्या सार्वमतात ‘सन’ बाहेर पडण्याच्या बाजूनं उभा होता. लिव्हरपूलनं सुमारे ५८ टक्के मतं युरोपीय संघात राहण्यासाठी दिली.

‘कान भरणं’ आरोपाच्या सुरात ऐकू येतं, त्यामुळे निव्वळ आकडेवारीच्या परिच्छेदात ‘प्रभाव पडणं’ ठेवा. आणि १९९२चा तो श्रेय घेणारा मथळा भाषांतरित करणार असाल, तर प्रमाण मराठीत करू नका. तो मुद्दाम कामगारवर्गाच्या बोलीत, व्याकरण मोडून लिहिला होता. ‘जिंकवलं त्ये सननंच’ असं काहीसं जमवा.