किनाऱ्यावरून गळ टाकताना कधी विचित्र मासा लागलाय का? मग काय केलंत?

लागलाय, आणि पहिल्यांदा जे केलं ते साफ चुकीचं केलं. तेच सांगतो, कारण बरोबर काय ते मला त्याच संध्याकाळी तासाभराने कळलं.

भरती चढत होती, वाळू संपून खडक सुरू होतात तिथे उभा होतो. रॉड मध्यम, खाली शिसं, गळाला कोळंबी. सुरुवातीला नुसतीच टुकटुक, झटका म्हणून नाही. ओढून बघितलं तर आमिष नाही, गळ नाही, काहीच नाही. लीडर, म्हणजे गळाला बांधलेला लाईनचा शेवटचा तुकडा, मधूनच गायब. वाटलं खडकाला घासून तुटला असेल. नवीन बांधला, टाकला, पाच मिनिटांत परत तेच. तिसऱ्यांदा मात्र तुटलेलं टोक बोटात धरून नीट बघितलं. लाईन खडकाला घासली की तिच्यावर बारीक कुसळं येतात, टोक खरबरीत होतं, पांढरट पडतं. हे टोक एकदम सफाईदार, कात्रीने कापल्यासारखं! तिथेच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, पडला नाही.

चौथ्या वेळी मासा टिकला. पण पळ नाही, झुंज नाही, भिजलेली पिशवी ओढावी तसं जड जड काहीतरी येत राहिलं आणि बाहेर काढल्यावर मी दोन मिनिटं नुसता बघत बसलो. डोकं जाडजूड, पाठ हिरवट करडी आणि त्यावर काळे ठिपके, पोट पांढरंफेक, खवले नाहीतच, आणि तोंडात पोपटाच्या चोचीसारखे दात. वर डोळे असे की आपल्याकडेच बघतोय असं वाटावं. दात घासून कर्र कर्र आवाज काढत होता. मी हातात धरल्याबरोबर फुगायला लागला, बघता बघता नारळाएवढा गोल. मी काय केलं, तर त्याला खडकावर ठेवला आणि खिशातून मोबाईल काढला.

पलीकडे एक काका गरवत होते, ते तिथूनच ओरडले, "अरे व्हिडिओ कसले काढतोस, पाण्यात सोड त्याला! हवा गिळतोय तो!"

केंड मासा होता, म्हणजे पफर फिश. काकांना त्यात काही नवल नव्हतं, विचित्र होता तो माझ्यासाठी.

घाईघाईत सोडला पण तोवर पोटात हवा भरलेली. तो चेंडूसारखा उलटा तरंगत लाटेबरोबर लांब गेला, पोट वर आणि शेपूट वळवळतेय. पुढे काय झालं कोण जाणे, ते अजून डोक्यातून जात नाही.

त्याचं असं असतं की हा मासा पोहायला मंद, त्यामुळे धोका दिसला की पळण्याऐवजी भराभर पाणी गिळतो. त्याचं पोट घड्याघड्यांचं असतं, बरगड्या नसतात, म्हणून एवढं ताणता येतं. पाण्यात असताना पाणी भरलं तर ते परत बाहेर टाकता येतं, पण आपण त्याला बाहेर काढल्यावर तो हवा गिळतो आणि ती सहज निघत नाही. आत हवा म्हणजे बुडी मारता येत नाही, म्हणजे वरच्या पक्ष्यांना आयतं जेवण. लोकांना तो फुगलेला गोड दिसतो म्हणून मुद्दाम डिवचून फुगवतात, मला आता ते बघवत नाही.

तासाभराने दुसरा लागला. या वेळी काकांच्या सांगण्याप्रमाणे गुडघाभर पाण्यात उतरलो, मासा पाण्यातच ठेवला आणि लांब प्लायरने गळ काढायला गेलो, तर त्याने प्लायरच धरला. माझ्या प्लायरच्या प्लास्टिकच्या मुठीवर अजून दोन खाचा आहेत, बोट असतं तर काय झालं असतं याचा विचार करा. वर दोन आणि खाली दोन असे चार दात जुळून त्याची चोच झालेली असते, त्याच्या कुळाच्या शास्त्रीय नावाचा अर्थच 'चार दातवाले'. खेकडे, शिंपले फोडून खाणारा प्राणी आहे तो, नायलॉनची काय कथा. हाही थोडा फुगला होताच, मग पाण्याखाली तोंड वर, शेपूट खाली असा हलकेच धरून ठेवला. तोंडातून बुडबुडे आले, आकार उतरला आणि मग एकदम शेपूट मारून गेला.

आता महत्त्वाचं. 'छान मोठा आहे, घरी नेऊ' असं मनात आलं तर अजिबात नको. याच्या यकृतात, अंडाशयात, आतड्यात, कातडीत टेट्रोडोटॉक्सिन नावाचं विष असतं, काही जातींत मांसातही. शिजवून, तळून ते जात नाही आणि त्यावर उतारा नाही. आधी ओठ आणि जीभ बधिर होते, मग हातपाय, आणि शेवटी श्वासाचे स्नायू बंद पडतात, माणूस बऱ्याचदा शुद्धीवर असतानाच. हॉस्पिटलात विष उतरेपर्यंत श्वास चालू ठेवणं एवढाच उपाय. 1774 साली ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन कुक पॅसिफिकमधल्या न्यू कॅलेडोनिया बेटावर असताना त्याने आणि जहाजावरच्या फॉर्स्टर या निसर्ग-अभ्यासक बापलेकांनी अशा माशाचं यकृत आणि गाबोळी (अंडी) नुसती चाखली होती. पहाटे उठले तर हातपाय लुळे, पाण्याने भरलेलं भांडं आणि पक्ष्याचं पीस हाताला सारखंच हलकं वाटत होतं असं कुकनेच लिहून ठेवलंय. आतडी खाल्लेलं डुक्कर सकाळी मेलेलं सापडलं. तिघं वाचले, पण त्यांनी घासभरच खाल्लं होतं.

मेलेला केंड वाळूवर फेकूनही देऊ नका, कुत्री खातात आणि मरतात.

बाकी अनोळखी मासा कुठलाही असो, माझा आता एकच क्रम: आधी पाण्यातच ठेवून बघायचं, हात नंतर. फुगणारा असेल तर दात, शिंगाळा (कॅटफिश) असेल तर पाठीवरचा आणि बाजूचे काटे, पाकट (स्टिंगरे) असेल तर शेपटीवरचा काटा, आणि खडकासारखा ओबडधोबड दिसणारा स्टोनफिश असेल तर हात लावायचाच नाही, सरळ लाईन कापायची. पाकट किंवा स्टोनफिशचा काटा लागलाच तर तो भाग सोसवेल एवढ्या गरम पाण्यात बुडवायचा, 45 अंशांच्या वर नाही, आणि डॉक्टरकडे निघायचं. फोटो हवा असेल तर मासा पाण्यात असतानाच काढा, तसाही तिथेच तो जास्त चांगला येतो.

केंड दात लावतो म्हणून काहीजण स्टीलचा लीडर लावा म्हणतात. मी नाही लावत, कारण मला तो पकडायचाच नाहीये. लीडरचं टोक कात्रीने कापल्यासारखं निघालं की सामान गोळा करतो आणि पन्नास-शंभर पावलं पुढे जाऊन टाकतो.