लोक फॉर्म अर्धवट का सोडतात?

प्रश्न: आम्ही अपॉइंटमेंट बुकिंगची वेबसाइट बनवलीये, दिसते छान, पण बरेच लोक मधेच सोडून जातात. बॉस म्हणतात नवीन फीचर्स टाका. काय करू?

उत्तर: फीचर्स आत्ता राहू द्या. आधी ज्यांना खरंच अपॉइंटमेंट हवीये अशा ५ जणांना बोलवा, त्यांच्याच मोबाइलवर बुकिंग करायला सांगा आणि तुम्ही शेजारी गप्प बसा, मदत अजिबात करायची नाही (हेच सगळ्यात अवघड जातं). वेबसाइट वापरायला सोपी कशी करायची यातले तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी २००० सालीच सांगितलंय की एवढ्या लोकांतसुद्धा बहुतेक अडचणी दिसतात. मी एकदा असंच बसलेले, एका काकूंनी फोन नंबर मधे स्पेस देऊन टाकला, लाल अक्षरात ‘अवैध’ आलं आणि भरलेला अख्खा फॉर्म कोरा झाला, त्यांनी मोबाइल खाली ठेवला आणि म्हणाल्या ‘माझंच काहीतरी चुकलं असेल’. चूक त्यांची नव्हतीच हो, स्पेस काढणं कोडचं काम! ब्रिटनच्या सरकारी डिजिटल टीमचं पहिलं तत्त्वच आहे, युजरच्या गरजेपासून सुरुवात करा. आणि हो, बॉसनाही एका टेस्टला शेजारी बसवाच.