आवाज फुटलाय, आता क्वायर सोडायचा का?

प्रश्न: सर, आम्ही वसईचे. मुलगा आठवीत आहे, दुसरीपासून चर्चच्या क्वायरमध्ये गातो. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेत दोन वर्षं त्याचा सोलो होता. गेले तीन-चार महिने आवाज फुटलाय, वरचा सूर लावायला गेला की कोंबडा ओरडल्यासारखं होतं आणि बाकीची पोरं फिदीफिदी हसतात. आता म्हणतो मी जाणारच नाही. ह्याचे पप्पा म्हणतात बरंच झालं, दहावी जवळ आलीय, गाऊन असं मिळतं तरी काय? मला मात्र वाईट वाटतंय. काय करू?
– एक आई

उत्तर: ताई, कोंबड्यावरून आठवलं, पोराला आधी शुबर्टची गोष्ट सांगा. हा पुढे एवढा मोठा संगीतकार झाला, पण 1808 साली 11 वर्षांचा असताना व्हिएन्नाच्या राजदरबारच्या चॅपलमध्ये बाकी पोरांबरोबर गायचा. 1812 मध्ये आवाज फुटला तेव्हा पठ्ठ्याने आपल्या अल्टोच्या, म्हणजे वरून दुसऱ्या ओळीच्या, कागदावर स्वतःच लिहून ठेवलं, की फ्रान्झ शुबर्ट शेवटचा आरवला, 26 जुलै 1812. आरवला हाच शब्द आहे बरं का, मी मीठमसाला लावत नाहीये. आणि बाख, तोही मोठा जर्मन संगीतकार, वारल्यावर त्याच्यावर जो लेख छापला त्यात लिहिलंय की आवाज फुटला तेव्हा आठ दिवस तो बोलला तरी दोन सप्तकांत एकदम आवाज यायचा. तेव्हा तुमचं पोर चांगल्या कंपनीत आहे.

होतं काय, तर ह्या वयात स्वरयंत्र झपाट्याने वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज साधारण एक सप्तक खाली येतो. रात्रीत कोणीतरी पेटीच्या पट्ट्या इकडच्या तिकडे करून ठेवल्यासारखं, बोट जुन्या जागी पडतं आणि निघतं भलतंच. हे काही महिने चालतं, कोणाकोणाचं वर्ष-दीड वर्षसुद्धा. पूर्वी ह्या काळात गाणं पार बंद करायला लावायचे, आता तसं नाही, मधल्या पट्टीत हळू आवाजात गायलं तर चालतं, फक्त वरच्या सुरासाठी ताणायचं नाही आणि सारखं खाकरायचं नाही. घसा दुखत असेल किंवा आवाज पार बसूनच राहिला तर कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांना दाखवा, लिंबू-मध करत बसू नका.

आता पप्पांच्या प्रश्नाकडे येतो, गाऊन काय मिळतं. मी नऊ वर्षांचा असताना आमच्या पॅरिशच्या, म्हणजे आमच्या भागातल्या चर्चच्या, क्वायरमध्ये उभा राहिलो, आज बावन्न आहे, अजून तिथेच आहे, मधे नोकरीमुळे दोन वर्षं सुटलं तेवढंच. मलाही तेराव्या वर्षी हेच झालं होतं आणि मीही घरी सांगितलं होतं की आता जाणार नाही. आमचे मास्तर भडक डोक्याचे, पण त्यांनी एक शहाणपण केलं, मला म्हणाले गाऊ नकोस, माझी पानं उलट. मग वर्षभर मी ऑर्गनच्या डाव्या बाजूला उभा. पान वेळेवर उलटायचं तर कागदावर नजर ठेवावी लागते, आणि तेव्हा पहिल्यांदा मला दिसलं की मी जी चाल म्हणत होतो ती फक्त वरची ओळ आहे, खाली अजून तीन ओळी आहेत! चार वर्षं मी ते गाणं गात होतो आणि मला वाटायचं गाणं म्हणजे मीच.

सतरा-अठराव्या वर्षी बासमध्ये, म्हणजे सगळ्यात खालच्या ओळीत, टाकलं. नाताळचं एक गाणं आहे, लहानपणी मी त्यात वर भरारी मारायचो, त्यात बासला पहिली चार मापं, आपल्याकडची आवर्तनं म्हणा, एकच सूर, हलायचंच नाही. पहिल्या प्रॅक्टिसला मला इतका कंटाळा आला की मी मधेच गप्प बसलो, आणि ताबडतोब वरची पोरं डगमगली. माझ्यामुळे! पायाचा दगड काढल्यासारखं झालं. आपल्याकडे खर्ज भरायला का लावतात ते मला त्या दिवशी कळलं. तेच गाणं मी सोप्रानोत, म्हणजे सगळ्यात वरच्या ओळीत, म्हटलंय, अल्टोत म्हटलंय, मुक्याने त्याची पानं उलटलीत आणि आता पस्तीस वर्षं खालून धरलंय, आणि ज्या मुलाने तेराव्या वर्षी क्वायर सोडला त्याला त्या गाण्याची फक्त वरचीच ओळ माहीत असते. मला विचाराल तर मिळतं ते हे.

बाकी फायदे आहेतच. गोव्यात पॅरिशच्या शाळांमधून चर्चचे मेस्त, म्हणजे गाण्याचे मास्तर, पोरांना सोल्फेज, म्हणजे आपल्या सारेगमसारखं डो-रे-मी, घटवून घ्यायचे, कागदावरून गायला-वाजवायला शिकवायचे, आणि त्यातली कित्येक पोरं पुढे मुंबईला येऊन सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात बसली. प्यारेलाल ज्यांच्याकडे व्हायोलिन शिकले ते अँथनी गोन्साल्विस गोव्यातल्याच माजोर्ड्याचे, वडील चर्चच्या क्वायरचे मास्तर. पण पप्पांना हे सांगू नका, ते लगेच विचारतील की मग आमचा कधी कमावणार.

एक मात्र सांगतो. लांबलचक सूर असेल तर क्वायरमध्ये सगळे एकदम श्वास घेत नाहीत, शेजारचा थांबला की आपण धरायचं, आपण थांबलो की तो धरतो, ऐकणाऱ्याला जोड कळत नाही. माझ्या शेजारी उभा राहणारा मित्र माझ्या नवव्या वर्षापासूनचा, मी कुठे श्वास घेणार ते त्याला माझ्याआधी कळतं. माझे वडील गेले तेव्हा मी पहिल्या बाकावर घरच्यांसोबत होतो, मागून क्वायर चालू झाला, आणि बासचा तो लांब सूर नेहमीच्या जागी थोडा उतरला, कारण तिथे तो धरायचं काम माझं होतं आणि मी पुढे बसलेलो. मी रडत होतो आणि मला हसू आलं. मागे वळून बघितलं तर हा लाल झालेला, पण सोडला नव्हता त्याने.

तेव्हा ताई, मुलाला जबरदस्ती करू नका, पण तुमच्या मास्तरांना भेटून सांगा की सहा महिने ह्याला न गाता ठेवा, पानं उलटू दे, माईक लावू दे, कागद वाटू दे, फक्त प्रॅक्टिसला येऊ दे. हसणाऱ्या पोरांचं टेन्शन घेऊ नका, पुढच्या वर्षी त्यांचाही नंबर आहे.

प्रश्न: सर, वय 41, पुण्यात आयटीत आहे. शाळेत समूहगानात होतो, नंतर काही नाही. चर्चशी संबंध नाही. आता एवढ्या उशिरा क्वायरमध्ये घेतात का?
– एक वाचक

उत्तर: घेतात हो. क्वायर म्हणजे चर्चच असं काही नाही, मुंबईत व्हिक्टर परंज्योतींनी 1956 मध्ये उभा केलेला परंज्योती अकॅडमी कोरस, पुढे कूमी वाडियांनी कित्येक वर्षं चालवला. पुण्यात आजूबाजूला विचारा, ऑडिशन असेल तर घाबरू नका, आवाज किती गोड आहे ह्यापेक्षा सूर धरता येतो का आणि वेळेवर येणार का हे बघतात. आणि नाहीच जमलं तर सोसायटीतल्या भजनी मंडळात टाळ घेऊन बसा, तिथेही दुसऱ्याचं ऐकतच गावं लागतं. फक्त पहिल्या दिवशी लाजून कडेला उभे राहू नका, मधे उभे राहा, कडेला फक्त एकाच कानात सूर येतो.