मुलगी त्याच गल्लीत का जाते?

प्रश्न : माझी मुलगी सोलापुरातच एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी कॉलेजने विडी कामगारांच्या वस्तीतली काही कुटुंबं, त्यांच्या तब्येतीकडे लक्ष ठेवायला, दत्तक दिली. ते कॉलेजपुरतं करायचं सोडून ही आता दर रविवारी तिकडे जाते आणि वहीत नावासकट माहिती लिहून आणते. ‘आरोग्यातल्या विषमते’वर संशोधन करायचं म्हणते. पॅथॉलॉजीत मार्क घसरले. माझ्या आईने विड्या वळून मला शिकवलं. मी शिक्षक झालो, विडी कामगारांच्या तेलुगूभाषक पूर्व भागातून निघून जुळे सोलापूरला घर घेतलं, मुलांशी घरात मराठीच बोललो. आणि ही परत तिथेच चालली. तिने रेडिओलॉजी करावं अशी आमची इच्छा आहे. पीएसएम (रोगप्रतिबंध आणि सामाजिक आरोग्याचा विषय) तर कुठेच नंबर न लागलेले घेतात. तिने लिहिलेला प्रस्ताव सोबत जोडला आहे. मॅडम, तिला समजवा. — एक पालक (पत्र संक्षिप्त)

उत्तर :

सर, नमस्कार.

मार्कांचं आधी उरकते. पीजीचा, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या शिक्षणाचा, प्रवेश नीट-पीजी परीक्षेच्या रँकवर होतो, एमबीबीएसच्या टक्क्यांवर नाही. पण त्या परीक्षेतही पॅथॉलॉजी असतेच, तेव्हा तिने तो विषय पक्का करावा. बास.

तुमच्या पत्रात मला मार्कांपेक्षा ‘ही परत तिथेच चालली’ हे वाक्य खटकलं. मुलगी नापास झालेली नाही, कॉलेज बुडवत नाही, रविवारी चार घरी जाऊन बसते. एवढ्यावर एक शिकलेला बाप इतकं लांब पत्र लिहितो, तेव्हा काळजी अभ्यासाची नसते. तुम्ही त्या गल्लीतून बाहेर पडायला अर्धं आयुष्य खर्च केलंत, आणि मुलगी आपण होऊन तिथे चप्पल काढून आत जाते, हे तुम्हाला तुमच्या कष्टांवर पाणी फिरवल्यासारखं वाटतंय. मला हे समजतं. पण तुमच्या आईने विड्या वळल्या ही लपवायची गोष्ट आहे, असं तुम्ही मुलीला न बोलता शिकवत आलात आणि तिने ते ऐकलं नाही. याचं वाईट वाटून घ्यायचं कारण मला तरी दिसत नाही. तिथे ती होणारी डॉक्टर म्हणून जाते आहे. तुमच्या आईला त्या वयात अशी कुणी भेटली होती का, हे एकदा आईलाच विचारा.

दुसरं, जे तुम्ही लपवता तेच या कामात तिचं भांडवल आहे. विडी वळणाऱ्या बाईसमोर शहरातला विद्यार्थी फॉर्म घेऊन बसतो. ती मांडीवर सूप घेऊन बसलेली, हात थांबला की मजुरी थांबते, कारण पैसे हजार विड्यांमागे मिळतात. ती दोन वाक्यांत उत्तर देऊन त्याला वाटेला लावते. तुमची मुलगी मात्र आजीकडून आलेल्या तेलुगूत बोलत असणार (ते आजीने तुमच्या नकळत शिकवलं असेल, तर आजीला माझा नमस्कार). तेंदूपान भिजवण्यापासून कारखान्यात छाट (नापास ठरवलेल्या विड्या) निघून मजुरी कापली जाण्यापर्यंतचं सगळं तिने घरात ऐकलेलं आहे. हे कुठल्या क्लासमध्ये मिळत नाही.

आता पीएसएमबद्दल. त्या विषयाच्या जागा उशिरापर्यंत रिकाम्या राहतात, हे खरं आहे. पण या प्रकारचं संशोधन करायचं तर पीएसएमच घ्यावं लागतं, हा तुमचा आणि बहुधा मुलीचाही गैरसमज आहे. गडचिरोलीचे डॉ. अभय बंग मेडिसिनचे एमडी आणि डॉ. राणी बंग स्त्रीरोगाच्या. सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण दोघांनी त्यानंतर अमेरिकेत घेतलं. त्यांनी दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाले आणि त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के होत्या. 1989 साली हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. दवाखान्यात बसून ते दिसलं नसतं, कारण त्या बाया दवाखान्यात येतच नव्हत्या. पुढे त्यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं, नवजात बालमृत्यू साठ टक्क्यांहून जास्त घटले, आणि आज आशाताई घरोघरी जाऊन जे बाळ तपासतात त्याचं मूळ त्या कामात आहे. म्हणजे हाताशी स्त्रीरोग असो, छातीचे विकार असोत नाहीतर तुमची लाडकी रेडिओलॉजी, हे काम त्यातून करता येतं. विषय निवडायला तिला अजून काही वर्षं आहेत. तुम्ही आज ठरवू नका, तिनेही नको.

मुलीने घरच्या वादात डॉ. कोटणीसांचं उदाहरण दिलं असं तुम्ही लिहिलंय. ते तिने मागे घ्यावं. कोटणीस 1938 साली युद्ध चाललेल्या चीनमध्ये जखमींवर उपचार करायला गेले. ही सिटी बसने अक्कलकोट रोडला जाते. एवढ्या मोठ्या नावाची इथे गरज नाही.

यापुढचं मुलीसाठी आहे, तिला वाचायला द्या.

बाळ, तुझा प्रस्ताव वाचला. शीर्षक आहे, ‘विडी कामगार महिलांमध्ये आरोग्यविषयक जागृतीचा अभाव’. एकही प्रश्न विचारण्याआधीच तू निकाल लावून ठेवलास. तंबाखूच्या धुळीने खोकला होतो, हे तिला तुझ्याहून आधी माहीत आहे. खोकला आला तरी ती दवाखान्यात का जात नाही, हा प्रश्न आहे. त्या दिवसाची मजुरी बुडते म्हणून, रांगेत तास जातात म्हणून, की तिथे तिची भाषा कुणाला कळत नाही म्हणून? विषमता त्यात आहे. तू दोष बाईच्या डोक्यात शोधते आहेस.

आणि प्रश्न तुझ्या एकटीचा नको. आधी चार-पाच जणींना विचार की त्यांना स्वतःला काय जाणून घ्यायचंय. कदाचित त्या खोकल्याबद्दल बोलणारच नाहीत. पाठ, गुडघे, डोळे यांच्याबद्दल बोलतील. उलट विचारतील, ‘तू लिहिलंस म्हणून कारखाना बंद पडला तर आम्ही खायचं काय?’ तंबाखूवर नवा नियम आला की पहिला धसका विडी वळणाऱ्या बाईला बसतो. या प्रश्नाचं उत्तर तुझ्याकडे नसेल तर तसं सांग, पण तो टाळून पुढे जाऊ नकोस. अमेरिकेत काही ठिकाणी विद्यार्थ्यांना याचंच रीतसर शिक्षण देतात. वस्तीतल्या लोकांचं सल्लागार मंडळ असतं आणि प्रश्न काय विचारायचा, निष्कर्ष कसे मांडायचे, यात त्यांचं म्हणणं घेतलं जातं. आपल्याकडे दत्तक कुटुंबाच्या निमित्ताने घरात प्रवेश तरी मिळतो. पुढचं तुला शोधून शिकावं लागेल.

ती वही आजपासून बंद. हे मी रागावून सांगते आहे. नाव, घर आणि आजार एका पानावर लिहून तू ती बसमधून घेऊन फिरतेस. एखाद्या घरात क्षय आहे हे गल्लीत कळलं, तर त्या घरातल्या मुलीचं लग्न मोडू शकतं. शिवाय कॉलेजच्या एथिक्स कमिटीची मंजुरी आणि बाईची संमती नसताना गोळा केलेली माहिती संशोधनात वापरता येत नाही. दत्तक कुटुंबाची भेट हा अभ्यासक्रम आहे, ती संमती नव्हे. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) 2017 ची संशोधनातल्या नीतिनियमांची मार्गदर्शक तत्त्वं वाच. सहभागी व्यक्तीची बुडालेली मजुरी भरून द्यावी, हेही त्यात आहे. तू एक तास घेतलास तर तेवढ्या वेळात किती विड्या झाल्या असत्या, हे आजीला विचार आणि खर्चात धर.

मार्ग असा. कॉलेजात एक गाईड शोध, शक्यतो अशी व्यक्ती जी स्वतः वस्तीत जाते. आयसीएमआरची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप तुमच्यासारख्या विद्यार्थ्यांसाठीच आहे, दोन महिन्यांचं छोटं काम. त्यात सगळी विषमता मोजायला जाऊ नकोस, एक प्रश्न धर. काम संपल्यावर जे निघालं ते त्या बायकांना तेलुगूत, त्यांच्या सोयीच्या वेळी सांगायचं, आणि ही तारीख प्रस्तावातच लिहून टाकायची. नाहीतर राहून जातं. बहुतेकांचं राहून गेलेलं मी पाहिलंय.

सर, ताज्या कलमात तुम्ही विचारलंय की पीजीच्या ऑनलाइन क्लासवर सध्या सूट आहे, तर पैसे आत्ताच भरून टाकू का. नको. तिसऱ्या वर्षात तिला विचारून भरा. आणि तिला न सांगता आधीच भरले असतील, तर ते आज संध्याकाळी सांगून टाका.